कुणग्यातला लाह्यांचा मका

मालवण तालुक्यात आमचं गाव किनाऱ्यापासून आत, मसुऱ्याच्या अंगाला आहे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तरी दिवाळीनंतर महिना-दीड महिन्यात जमीन कोरडी पडते. जांभ्याची माती पाणी धरून ठेवत नाही. भात कापलं की उरलेल्या ओलीवर आम्ही कुळीथ, चवळी, वाल पेरतो. विहिरीत पाणी असतं, पण जानेवारी उलटला की ते माडांसाठी आणि घरासाठी राखावं लागतं.

मक्याकडे मी वळले ती पुतण्यामुळे. तो जत्रांमध्ये पॉपकॉर्नची गाडी लावतो. आंगणेवाडी, कुणकेश्वर, आणि पर्यटकांच्या दिवसांत मालवणची जेटी. दाणा कोल्हापूरहून येतो. भाव दर वर्षी चढतो आणि जुना माल आला तर निम्मा दाणा फुटतच नाही. मला वाटलं, आपले काही कुणगे, म्हणजे भाताची खाचरं, चार महिने मोकळे असतात, आपणच लावून बघू. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "मको हय होवचो नाय. कुळीथ पेर." आमच्याकडे पावसाळ्यात परसात चार झाडं लावतात, भाजून खायला कणसं मिळतात, तेवढाच मका. त्यामुळे त्यांचं म्हणणं चूक नव्हतं.

बी मिळवायला वेळ लागला. दुकानातला लाह्यांचा मका बहुधा संकरित वाणाचा असतो. तो पेरला तर उगवतो, पण पुढच्या पिढीत एक झाड उंच, एक बुटकं, एकाचा दाणा फुटतो, दुसऱ्याचा नाही. मला बी राखायचं होतं. म्हणून ओळखीतून 'अंबर पॉपकॉर्न' मिळवला. हे जुनं, सरकारी, संकरित नसलेलं वाण आहे. दाणा लहान, नारिंगी, चकचकीत. शेतकऱ्याने आपल्या पिकाचं बी राखणं, पेरणं, शेजाऱ्याला देणं याला २००१ च्या वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने मुभा आहे. हे मुद्दाम सांगते, कारण मला अनेकांनी घाबरवलं होतं.

२०१७ च्या नोव्हेंबरात पहिली पेरणी केली. दोन ओळींत दोन फूट, दोन झाडांत वीतभर अंतर. एकच लांब ओळ न लावता चौकोनी तुकडा लावला. मक्याचे पराग वाऱ्याने जातात. एकाच ओळीत झाडं असली तर पराग बाजूला उडून जातात आणि कणसं अर्धी भरतात.

झाडं छान आली. मग डिसेंबरात ओढ्यावरचा कच्चा बंधारा फुटला. दरवर्षी गावाने मिळून मातीच्या पिशव्या रचून घातलेला बंधारा असतो, त्याच्या जोरावर खालच्या विहिरी तग धरतात. पाणी झपाट्याने खाली गेलं. मक्याला शिपणं बंद करावं लागलं. नवीन वर्षाच्या सुमारास तुरे आले. तुरे पिवळे झाले, पराग झडले, आणि कणसांवर केस आलेच नाहीत. आठवड्याने काही झाडांना केस आले, तोवर तुरे वाळून गेले होते. शिमग्याच्या आधी कणसं सोलली तेव्हा खूप वाईट वाटलं. पुष्कळ कणसांत दाणाच नव्हता. काहींच्या बुडाला चार दाणे, शेंडा बोडका. मी दोन दिवस कोणाशी त्याबद्दल बोलले नाही.

पण त्या तुकड्यात अधूनमधून काही झाडं होती, ज्यांची कणसं शेंड्यापर्यंत भरलेली होती. तीच माती, तेच पाणी. ती कणसं मी वेगळी ठेवली.

कोल्हापूरला मक्याचं संशोधन केंद्र आहे. राजर्षी, पंचगंगा, करवीर ही मक्याच्या वाणांची नावं घाटावरच्या शेतकऱ्यांना माहीत आहेत. मक्यावर बरीच वर्षं काम केलेले एक निवृत्त कृषी अधिकारी नात्यातून ओळखीचे निघाले. त्यांना कणसं दाखवली. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा, "या झाडांना तुरा कधी आला आणि केस कधी आले, लिहिलंयत का?" मी लिहिलं नव्हतं. मग त्यांनी समजावलं ते इथे सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

मक्याच्या झाडावर नर आणि मादी वेगळे. वरचा तुरा नर, कणसाचे केस मादी. एक केस म्हणजे एक दाणा. पाण्याचा ताण पडला की झाड आधी कणसाची उपासमार करतं, तुऱ्याची नाही. तुरा वेळेवर येतो, केसांची वाढ मागे पडते. तुऱ्याचे पराग साधारण आठवडाभर झडतात. केस त्यानंतर आले तर त्यांना पराग मिळत नाहीत. केस कणसाच्या बुडाकडून आधी निघतात, शेंड्याकडचे शेवटी, म्हणून शेंडा बोडका राहतो. चांगल्या पाण्यात तुरा आणि केस यांत एक-दोन दिवसांचं अंतर असतं. ताणात ते आठ-दहा दिवसांवर जातं. ज्या झाडात ताण असूनही अंतर वाढत नाही, ते झाड बियाण्याला धरायचं.

हे कोणा एकाचं मत नाही, असंही ते म्हणाले. मेक्सिकोत 'सिमिट' ही मका आणि गहू यांच्या संशोधनाची आंतरराष्ट्रीय संस्था आहे. तिथे १९७० च्या दशकात तुक्सपेन्यो नावाच्या मक्यावर हेच काम सुरू झालं. कोरड्या हिवाळ्यात मका लावायचा, फुलोऱ्याला पाणी तोडायचं आणि निभावून नेणारी झाडं निवडायची. आठ फेऱ्यांनंतर बोलान्योस आणि एडमीड्स यांनी १९९३ साली निष्कर्ष छापले. तुरा आणि केसांतलं अंतर कमी झालं होतं आणि ताणातलं उत्पन्न वाढलं होतं. मला त्यात एकच गोष्ट फार महत्त्वाची वाटली. त्यांना ज्या हंगामाची गरज होती, तो आमच्याकडे जवळजवळ दरवर्षी असतो. नोव्हेंबर ते मे आकाश कोरडं. पाणी किती द्यायचं ते आपल्या हातात. पावसाळ्यात मका लावणाऱ्या घाटावरच्या माणसाला हे जमत नाही, मधेच सर येते आणि ताण मोडतो.

दुसरी सोय म्हणजे आमच्या आसपास हिवाळ्यात कोणी मका लावत नाही. मक्याचं बी शुद्ध राखायचं तर दुसऱ्या मक्यापासून निदान २०० मीटर अंतर लागतं. घाटावर ते मिळणं कठीण. आमच्याकडे ते आपोआप आहे.

२०१८ च्या नोव्हेंबरात नीट तयारी करून पेरलं. साधारण पाचशे झाडं. कुणग्याचा खालचा कोपरा बांधाच्या पाझराने ओला राहतो. तिथली झाडं नेहमीच जोरदार दिसतात. सगळी निवड त्या कोपऱ्यातून झाली तर आपण ओला कोपराच निवडला, झाड नाही. यावर उपाय म्हणजे सुंभाने शेताचे चौकोन पाडायचे, एकेका चौकोनात वीस-पंचवीस झाडं, आणि प्रत्येक चौकोनातली चांगली दोन-तीनच घ्यायची. झाडाची तुलना शेजारच्या झाडाशी, लांबच्या झाडाशी नाही. गार्डनर नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने ही पद्धत १९६१ मध्ये मांडली. दोरी आणि खुंट्या यांपलीकडे तिला काही लागत नाही. या सगळ्या कामात मला सर्वांत जास्त उपयोग याच गोष्टीचा झाला.

खुणेसाठी जुन्या साड्यांच्या चिंध्या वापरल्या. तुरा झडायला लागला की एका रंगाची चिंधी बांधायची आणि तिच्यावर तारीख लिहायची. केस दिसले की दुसऱ्या रंगाची. फुलोऱ्याचे दोन-तीन आठवडे रोज सकाळी फेरी मारावी लागते. एक दिवस चुकला की तारीख चुकते. पाणी डिसेंबरच्या मध्यापर्यंत दिलं आणि मग तोडलं. त्या वर्षी विहीर भरलेली होती. शेजारचे काका रोज बांधावर उभे राहून विचारायचे, "पाणी आसा ना विहिरीत, मग कित्याक मारतंस त्येंका?" हिरवी पानं दुपारी गुंडाळलेली बघून मलाही राहवत नसे. हात आवरणं हे या कामातलं सर्वांत अवघड.

त्याच वर्षी नवी कीड आली. पोंग्यात भुशासारखी विष्ठा दिसायला लागली, पानांना ओळीने भोकं. लष्करी अळी. अमेरिकेतली ही कीड मे २०१८ मध्ये कर्नाटकात शिमोग्याकडे पहिल्यांदा सापडली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात आली. आमच्या एकट्या मक्यालाही तिने शोधून काढलं. सकाळी पानांखालचे अंड्यांचे पुंजके चिरडले. पोंग्यात चिमूटभर बारीक वाळू आणि राख टाकली, निंबोळी अर्क मारला. झाडं गुडघ्याएवढी होण्याआधी हे केलं तर निभावतं. अळी मोठी होऊन पोंग्यात खोल शिरली की काहीच पोचत नाही. आता मी पेरल्यापासून दहाव्या दिवशी पानं उलटून बघायला सुरुवात करते.

पोपट आणि माकडं यांवर माझ्याकडे चांगला उपाय नाही. कणसांना कागदी पिशव्या बांधते. माकडं पिशवी फाडतात, पण पोपट फसतात. दाणा घट्ट व्हायच्या दिवसांत कोणीतरी शेतातल्या मांगरात बसायलाच हवं.

कणसं काढल्यावर दुसरी निवड असते. दुष्काळात टिकलेलं कणीस फुटलंच नाही तर उपयोग काय? लाह्यांच्या दाण्याचं साल घट्ट असतं, आत कठीण पिठाचा गर आणि थोडी ओल. साधारण १८० अंशांना आतल्या वाफेचा दाब सालाला पेलत नाही आणि दाणा उलटतो. ओल १३-१४ टक्के हवी. कमी असली तर वाफ पुरत नाही, जास्त असली तर साल मऊ पडतं. मी प्रत्येक निवडलेल्या कणसातले काही दाणे बाजूला काढते, त्याच कढईत, तेवढ्याच तेलात फोडते, आणि एकाच मापात लाह्या मोजते. तळाचे न फुटलेले गणंगही मोजते. ज्या कणसाचं माप कमी, ते कितीही भरलेलं असलं तरी बियाण्यात घेत नाही.

समुद्राकाठी ही ओल सांभाळणं त्रासाचं आहे. मार्चच्या उन्हात खळ्यात जास्त वाळवलं तर दाणा फुटत नाही. मग बरणीत दाण्यांवर चमचाभर पाणी शिंपडून झाकण लावायचं, रोज हलवायचं, आठवड्याने परत फोडून बघायचं. जूनमध्ये उलट होतं, हवेची ओल दाण्यात शिरते. घरी ओल ओळखायची सोपी रीत आहे. कोरड्या काचेच्या बाटलीत दाणे आणि खडखडीत वाळवलेलं बारीक मीठ घालून हलवायचं आणि थोडा वेळ ठेवायचं. मीठ काचेला चिकटलं तर ओल १५ टक्क्यांच्या वर आहे, अजून वाळवा.

त्याच २०१८-१९ च्या हंगामात मी एक जास्तीचा उद्योग सुरू केला. नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्यातल्या धडगाव भागात आदिवासी शेतकऱ्यांनी 'बाएफ' संस्थेच्या मदतीने गावठी मका आणि ज्वारीची वाणं बियाणे बँकेत जपली आहेत. डोंगरउतारावर, पावसाच्या भरवशावर वाढणारी ही वाणं. त्या भागातल्या गावठी मक्याची मूठभर कणसं एका परिचितांकडून मिळाली. विचार असा की त्यांचा कणखरपणा आपल्या अंबरमध्ये आणावा. त्याचा तुकडा वेगळ्या वाडीत लावला.

पहिली अडचण लगेच आली. अंबरच्या कणसावर गावठी मक्याचे पराग हाताने टाकले, पिशवी बांधली, दाणा धरला नाही. पॉपकॉर्नच्या अनेक वाणांत एक जनुक असतं, ते साध्या मक्याचे पराग स्वीकारत नाही. उलट बाजूने मात्र संकर होतो. गावठी मक्याला आई केलं आणि अंबरचे पराग टाकले, तेव्हा कणसं भरली. परसातल्या मक्यामुळे लाह्यांचं बी बिघडेल अशी भीती असणाऱ्यांना या जनुकाचा आधार आहे, पण सगळ्याच वाणांत ते नसतं, म्हणून अंतर राखलेलं बरं.

२०१९ ला ऑक्टोबरच्या शेवटी क्यार वादळ समुद्रातून गेलं आणि त्याच्या पावसाने उभं भात आडवं केलं. कापलेलं भात शेतातच रुजलं. जिल्ह्यात सगळीकडे तेच. मक्याची पेरणी नोव्हेंबर अखेरीला गेली. जमीन इतकी ओली होती की पाणी न देताही फुलोऱ्याला ताण आला नाही. सगळी झाडं सारखीच चांगली दिसली. त्या वर्षी मी निवड केलीच नाही. पुष्कळ कणसांतलं थोडं थोडं बी मिसळून ठेवलं, एवढंच. ताण नसलेल्या वर्षी मोठी कणसं बघून निवड केली तर आधीच्या वर्षाचं काम पुसलं जातं.

संकराच्या कणसांचं पहिलं पीक त्या हंगामात निघालं. झाडं दणकट, कणसं भरलेली. कढईत टाकल्यावर मात्र निम्मे दाणे फुटले, तेही अर्धवट. पुतण्या काही बोलला नाही, पण त्याचा चेहरा मला कळला. कृषी अधिकाऱ्यांना विचारलं तर म्हणाले, हे असंच होणार, आता परत अंबरशी संकर करा, एकदा नाही, दोनदा. म्हणजे दोन वर्षं गेली.

२०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं. आमच्या पडवीची आणि माजघराची कौलं उडाली. बियाण्याचे डबे माळ्यावर होते. दोन दिवसांनी उघडले तर दाण्यांना मोड आणि बुरशी. अंबरचं निवडलेलं बी त्यात होतं. मी रडले. वाचलं ते एका सल्ल्यामुळे. अधिकाऱ्यांनी सुरुवातीपासून सांगितलं होतं की प्रत्येक निवडीतलं निम्मं बी दुसऱ्या घरी ठेवा. ते कुडाळला बहिणीकडे होतं, काचेच्या बाटल्यांत, राखेत मिसळून. तिच्याकडच्या बियाण्यावरच पुढचं सगळं चाललं आहे. संकराच्या बियाण्याचा मोठा भाग मात्र गेला, त्यातली झाडांची संख्या एकदम घटली. मक्यात थोड्या झाडांवरून बी घेत राहिलं की पिढीगणिक जोम जातो. निदान दोनशे झाडं उभी असावीत आणि बी चाळीस-पन्नास कणसांतून यावं. संकराला तेवढं उरलं नव्हतं.

त्याच वर्षी डिसेंबरच्या सुरुवातीला अवकाळी पाऊस झाला. कुणग्यात पाणी साचलं, मक्याची पानं पिवळी पडली. मका तहान सोसतो तितकी तुंब सोसत नाही. बांध फोडून चर काढले तेव्हा झाडं सावरली. फुलोरा जानेवारीत आला, तोवर जमीन वाळली होती, त्यामुळे निवड करता आली. तेव्हापासून मी ओळी उंच सरीवर घेते.

आणखी एक गोष्ट त्या सुमाराला लक्षात आली. चिंध्यांवरच्या तारखा जुन्या वहीशी ताडल्या तर सगळं पीकच आधीपेक्षा लवकर फुलोऱ्याला येत होतं. मला आनंद झाला. अधिकाऱ्यांनी सावध केलं. लवकर येणारं झाड ताण सोसत नाही, ताण येण्याआधी उरकून घेतं. आपल्या भातात हळवं आणि गरवं असतं, त्यातलाच प्रकार. हळवं वाण वाईट नाही, पण झाड लहान राहतं आणि कणीसही लहान. दरवर्षी नकळत सर्वांत आधी आलेलीच झाडं निवडत गेलो तर शेवटी बोटाएवढी कणसं हातात येतील. म्हणून निवड करताना आता मी दोन तारखांमधलं अंतर बघते, लवकर आलं की उशिरा ते नाही. मधल्या दिवसांत फुललेल्या झाडांना पहिला मान.

आणि एक मर्यादा. कणीस कुठल्या झाडाचं घ्यायचं ते आपण ठरवतो, म्हणजे आई निवडतो. पराग कुठल्या झाडाचे आले ते आपल्या हातात नसतं. त्यामुळे सुधारणा सावकाश होते. हातांनी पिशव्या बांधून बापही निवडता येतो, पण घरच्या कामात शेकडो झाडांचं ते जमत नाही. मी तो नाद सोडला.

२०२३ च्या हंगामात मूळ अंबरचं नवं बी आणून माझ्या निवडीच्या बियाण्याशेजारी एकाआड एक ओळीत लावलं. दोघांचं पाणी एकाच दिवशी तोडलं. मूळ बियाण्यात निम्म्याच्या आसपास झाडांना केस इतके उशिरा आले की कणसं बोडकी राहिली. माझ्या ओळींत अशी झाडं होती, पण बरीच कमी. भरलेली कणसं पूर्ण पाण्यातल्या कणसांपेक्षा लहानच होती. त्याहून मोठा दावा मी करणार नाही. पुढच्या वर्षी परत असंच लावलं, निकाल त्याच बाजूला गेला. शेजारचे काका त्या वर्षी स्वतः ओळी मोजायला आले.

संकराचं बी मी आता थांबवलं आहे. त्याची कणसं ताणात अंबरहून चांगली भरत होती, हे खरं. पण दोनदा अंबरकडे नेऊनही लाह्यांचं माप मूळ अंबरच्या खाली राहिलं, आणि तौक्तेनंतर झाडं कमी पडली. ज्याच्याकडे दोन-तीन एकर आणि दहा वर्षांचा धीर आहे त्याने ते करावं. घरगुती शेतात एकच चांगलं वाण घेऊन त्यातच निवड करत राहणं जास्त हिताचं आहे, असं माझं स्पष्ट मत झालं आहे.

पाण्याबद्दलही सरळ सांगते. हा मका बिनपाण्याचा झालेला नाही. मक्याला पूर्ण हंगामात साधारण ५०० मिलिमीटर पाणी लागतं. आमच्याकडे ओलीवर पेरणी, मग डिसेंबरच्या मध्यापर्यंत आठवड्या-दहा दिवसांनी शिपणं, एवढं तरी हवंच. वाचतं ते फुलोऱ्यापासून पुढचं पाणी, आणि नेमकं तेव्हाच विहिरीतलं पाणी राखावं लागतं. ज्यांच्याकडे डिसेंबरातही पाणी नाही त्यांनी कुळीथच पेरावा. तो उरलेल्या ओलीवर जगतो. सासूबाईंचं म्हणणं तिथे आजही खरं आहे.

गेल्या आंगणेवाडीच्या जत्रेत पुतण्याने गाडीवर घरचाच दाणा लावला. याची लाही कोल्हापूरच्या दाण्याच्या लाहीपेक्षा लहान होते. त्यावर एक-दोन गिऱ्हाइकं बोलली. पण टरफल पातळ, दाणा ताजा, गणंग कमी. तो म्हणाला, "काकी, ह्ये दातात अडकनत नाय." जत्रेचा सगळा माल घरच्या दाण्यातून पुरला नाही, निम्मा विकतच घ्यावा लागला. यंदा तुकडा वाढवणार आहोत.

ज्यांना लावायचं आहे त्यांच्यासाठी बी ठेवलं आहे. शिमग्यानंतर कधीही या. सुरुवात करायला दोनशे झाडांपुरतं देईन, त्याहून कमी नेऊ नका. पैसे नकोत. पीक निघालं की नेलेल्याच्या दुप्पट बी परत द्या. आणि आपल्या शेतात तुरा कधी आला, केस कधी आले, पाणी कधी तोडलं, या तारखा लिहून मला सांगा. तुमची माती वेगळी आहे, त्या तारखा मला हव्या आहेत.